फॉल्ट हळूहळू सरकतो, म्हणून घर घ्यायला हरकत नाही?

प्रश्न कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका निवृत्त गृहस्थांचा आहे. त्यांची लेक आणि जावई कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला घर घेतायत. घरापासून हेवर्ड फॉल्ट, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे भूभाग एकमेकांना घासून सरकतात अशी जमिनीतली खोल भेग, जेमतेम दीड किलोमीटरवर. तिथल्या एजंटनं सांगितलं, "हा फॉल्ट सारखा थोडाथोडा सरकत असतो, त्यामुळे ताण साठत नाही, मोठा भूकंप होणार नाही." गृहस्थांना ते पटलं, कारण कोयनेचा धक्का बसला की आपल्याकडेही हेच म्हणतात: बरं झालं, थोडी ताकद निघून गेली. तरी मनात शंका आहेच. शिवाय त्यांच्या स्वतःच्या कंपाउंडच्या भिंतीला तिरकी भेग पडलीय. तीही जमीन सरकल्याची खूण आहे का, असं त्यांनी विचारलंय.

आधी थेट उत्तर. एजंटचं पहिलं म्हणणं खरं, दुसरं अर्धवट खरं आणि तिसरं साफ चूक. हेवर्ड फॉल्टवर २१ ऑक्टोबर १८६८ रोजी ६.८ च्या आसपासचा भूकंप झालेला आहे. फ्रीमाँटमध्येच असलेलं मिशन सॅन होझेचं कच्च्या विटांचं चर्च त्यात कोसळलं, सॅन लिअँड्रोचं कोर्ट पडलं, तीसेक माणसं गेली. वस्ती विरळ होती म्हणून तेवढ्यावर भागलं. १९०६ चा भूकंप होईपर्यंत तिकडचे लोक 'सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप' म्हणायचे ते यालाच.

आता फॉल्ट सरकतो म्हणजे काय. १९५६ साली कॅलिफोर्नियात हॉलिस्टरजवळच्या एका वाइनरीच्या भिंती तडकत होत्या आणि फरशी फाटत होती. दुरुस्ती करून पुन्हा तेच. शेवटी लक्षात आलं की इमारत सॅन अँड्रियास फॉल्टच्या डोक्यावर बसलीय आणि भूकंप न होताच तिचे दोन भाग वर्षाला सेंटिमीटरभर एकमेकांना घासून उलट दिशांना चाललेत. तुर्कस्तानात इस्मेतपाशा इथे रेल्वेच्या आवारातल्या भिंतीवरून हीच गोष्ट कळली. हेवर्ड गावात रोझ आणि प्रॉस्पेक्ट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुटपाथची कड अशीच दरवर्षी थोडीथोडी तुटत, सरकत गेली होती. भूशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तिचे फोटो काढत होते. २०१६ मध्ये नगरपालिकेच्या माणसांनी नेहमीची दुरुस्ती म्हणून तो कोपरा सरळ करून टाकला आणि अभ्यासकांनी कपाळावर हात मारला. बर्कलीच्या विद्यापीठाचं स्टेडियम तर फॉल्टच्या बरोबर वर बांधलंय. २०१२ मध्ये त्याचं मजबुतीकरण पुरं झालं, तेव्हा फॉल्टवरचे भाग बाकीच्या बांधकामापासून सुटे ठेवले, म्हणजे ते आपले आपण सरकतील.

तेव्हा सरकतो यात वाद नाही. विचारायचं ते हे की किती सरकतो, आणि किती सरकायला हवा होता.

इथे सगळी मेख आहे. हेवर्ड फॉल्टच्या दोन्ही बाजूंचे भूभाग दीर्घकाळाच्या सरासरीनं वर्षाला साधारण ९ मिलिमीटर एकमेकांना घासून सरकतात. हा आकडा वरच्या भेगांवरून काढलेला नाही. जीपीएसच्या मोजमापांवरून आणि हजारो वर्षांत जागेवरून सरकलेल्या ओढ्यांवरून, गाळाच्या थरांवरून तो निघतो. पृष्ठभागावर मोजलेली संथ सरक बहुतेक ठिकाणी वर्षाला ५ मिलिमीटरच्या आसपास आहे. पतसंस्थेचा हप्ता ९ हजारांचा आणि माणूस दर महिन्याला ५ हजार भरतोय, असा प्रकार. भरतोय हे खरं. पण वरच्या ४ हजारांची थकबाकी दर महिन्याला चढतेय. नुसतं भरतोय म्हटल्यानं ती माफ होत नाही.

वसुली किती रकमेची होईल, ते कागदावर मांडून बघू. १८६८ पासून १६० वर्षं धरा. ९ मिलिमीटरच्या दरानं १.४ मीटर सरक व्हायला हवी होती. त्यातली निम्मी संथपणे उरकली असं मान्य करू, म्हणजे उरली ०.७ मीटर. फुटणारा भाग ६० किलोमीटर लांब आणि १२ किलोमीटर खोल धरू. भूकंपाचं मान काढताना खडकाचा ताठरपणा, फुटलेलं क्षेत्र आणि सरक या तिघांचा गुणाकार करतात आणि त्याचं लॉगरिदम घेतात. ०.७ मीटर सरकीला उत्तर येतं ६.७. आणि फॉल्ट अजिबातच सरकत नसता, सगळी १.४ मीटर एकदम सुटली असती तर? ६.९. इतकाच फरक! निम्मा ताण संथपणे निघून गेला तरी भूकंपाचं मान ०.२ नं उतरतं. घराच्या भिंतीला हा फरक फारसा कळत नाही.

दुसऱ्या वाटेनं गेलं तरी उत्तर तेच. समजा वरचे ५ किलोमीटर पूर्ण मोकळे सरकतात आणि खालचे ७ किलोमीटर पूर्ण अडकलेले आहेत. मग क्षेत्र कमी धरायचं आणि सरक १.४ मीटरच ठेवायची. उत्तर ६.८ च्या जरा खाली. धोक्याचा अधिकृत हिशेब करणारे लोकही याच दोन वाटा वापरतात: कुठे क्षेत्र कापतात, कुठे सरकीचा दर कापतात. कोणती वाट कुठे घ्यायची यावर त्यांच्यात भरपूर वाद चालतात, पण ते वाद दशांशातले आहेत.

म्हणजे सरकण्याचा फायदा झालाच तर तो आकारात फारसा होत नाही, झाला तर दोन भूकंपांमधल्या अंतरात व्हायला हवा. थकबाकी निम्म्या वेगानं चढली तर मोठा धक्का बसायला दुप्पट वर्षं लागावीत, असा तर्क करता येतो. एजंटच्या बाजूनं करता येण्यासारखा हाच काय तो प्रामाणिक युक्तिवाद. पण तो तपासता येतो, आणि गंमत म्हणजे तपासणी फ्रीमाँटमध्येच झालीय. तिथे लोकल रेल्वेच्या स्टेशनाजवळ फॉल्टमुळेच तयार झालेलं एक डबकं आहे. त्याच्या कडेला आडवे चर खणून गाळाचे थर वाचले गेले. मोठा भूकंप झाला की जमीन फाटते, एक बाजू खचते, मग त्यावर नवा गाळ बसतो. फाटलेले थर आणि त्यांच्यावरचे अखंड थर यांचा क्रम लावायचा आणि थरांमधल्या काडीकचऱ्याचं वय कार्बनच्या पद्धतीनं काढायचं. चराच्या भिंतीवर दोरीनं चौकटी आखून, ब्रशनं माती झाडत महिनोन्‌महिने चालणारं काम आहे हे. तिथे गेल्या सुमारे १९०० वर्षांत १२ मोठे भूकंप निघाले. सरासरी अंतर साधारण १६० वर्षं, आणि शेवटच्या पाचांचं त्याहूनही कमी, सुमारे १४०.

या नोंदीचं महत्त्व असं की संथ सरकण्याची जी काही सूट मिळायची ती त्यात आधीच धरलेली आहे. फॉल्ट सरकत होता आणि तरीही फुटत होता. ही सूट धरूनही अंतर एवढंच भरतं. सरासरी अंतर १६० आणि शेवटचा भूकंप १८६८ चा, ही वजाबाकी मी करून दाखवायला नको. मात्र सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे, हेही तितकंच खरं. कॅलिफोर्नियातच सॅन अँड्रियास फॉल्टवरच्या पार्कफील्ड गावाजवळ १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६ असे जवळपास ठरल्यासारखे भूकंप झाले होते. पुढचा १९९३ च्या आत येणार म्हणून शास्त्रज्ञ यंत्रं मांडून बसले. तो आला २००४ मध्ये.

अमेरिकन भूशास्त्रीय सर्वेक्षणानं मांडलेला अंदाज असा आहे: २०१४ ते २०४३ या तीस वर्षांत हेवर्ड फॉल्टवर ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ३३ टक्के. पूर्ण बे एरियाचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालच्या मुलखाचा, विचार केला तर ७२ टक्के. त्यातच २०१६ मध्ये असं दिसून आलं की हेवर्ड आणि त्याच्या उत्तरेचा रॉजर्स क्रीक हे दोन फॉल्ट सॅन पाब्लो उपसागराच्या तळाखाली थेट जोडलेले आहेत. दोन्ही एका दमात फुटले तर ७.४ पर्यंत मजल जाऊ शकते.

एजंटचा तर्क जिथे बराचसा लागू पडतो अशीही जागा आहे, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. पार्कफील्ड आणि सॅन व्हान बाउटिस्टा यांच्या दरम्यान सॅन अँड्रियास फॉल्टचा सुमारे १५० किलोमीटरचा पट्टा आहे. त्याचा मधला भाग वर्षाला २५ ते ३० मिलिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण हप्ता भरतो. १८५७ चा महाभूकंप या पट्ट्याच्या दक्षिणेला झाला, १९०६ चा उत्तरेला. दोन्ही या पट्ट्याशी येऊन थांबले. तिथे पार्कफील्डजवळ जवळपास तीन किलोमीटर खोल बोअर मारून फॉल्टमधली माती वर काढली तेव्हा तिच्यात सॅपोनाइट नावाचं निसरडं चिकणखनिज सापडलं. अशा मातीचा गुण असा की सरकण्याचा वेग वाढला की तिचा विरोधही वाढतो, म्हणून ती आपोआप संथ राहते. ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकाचं उलट आहे: एकदा सुटला की विरोध कमी होत जातो आणि मग तो थांबत नाही.

म्हणजे सरकणारा भाग कायम सुरक्षित? तेही छातीठोक म्हणता येत नाही. ११ मार्च २०११ च्या जपानच्या भूकंपात समुद्रतळाच्या खंदकाजवळचा जो उथळ भाग संथ सरकत असणार असं बरेच जण धरून चालले होते, तोच ५० मीटरच्या आसपास सरकला आणि त्सुनामी त्यातून उठली. शेजारचा अडकलेला भाग जोरात फुटला की त्याच्या रेट्यानं चिकणमातीतलं पाणी तापतं, दाब वाढतो, आणि एरवी ब्रेक लावणारी मातीच वंगणाचं काम करते. प्रयोगशाळेत आणि संगणकावर हे करून पाहिलंय.

म्हणून असा फॉल्ट तपासायला आला की आम्ही अभ्यासक पृष्ठभागावरच्या सरकीनं हुरळून जात नाही. खोलवर काय चाललंय ते शोधतो. वर तारा ताणून किंवा खुणांची रांग रोवून सरक मोजता येते, उपग्रहाच्या रडारनं पूर्ण पट्ट्याचं चित्र मिळतं. खालचं मात्र आडवाटेनंच कळतं. त्यातली मला सर्वांत आवडणारी वाट म्हणजे तेच ते पुन्हा होणारे बारीक भूकंप. काही ठिकाणी फॉल्टवरचा एखादा छोटासा अडकलेला ठिपका दर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फुटतो आणि दर वेळी यंत्रावर हुबेहूब तीच लाट उमटते, दोन नोंदी एकावर एक ठेवल्या तर वेगळ्या ओळखू येऊ नयेत इतकी. भोवतालचा भाग संथ सरकतोय आणि ठिपका त्याच्याबरोबर ओढला जातोय, याची ही खूण. अशा ठिपक्यांवरून त्या खोलीला सरकण्याचा दर काढता येतो. हेवर्डच्या बाबतीत या सगळ्यातून निघालेलं चित्र असं आहे की वरचा भाग सरकतो आणि खाली काही मोठे तुकडे घट्ट अडकलेले आहेत. वर दिसणारी भेग खालच्या तुकड्याबद्दल काहीच सांगत नाही.

सरकण्याचा दरही कायमचा नसतो. फ्रीमाँटच्या दक्षिण टोकाला हा फॉल्ट वर्षाला ९ मिलिमीटरच्या आसपास सरकायचा. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपानं भोवतालचा ताण बदलला आणि तिथलं सरकणं काही वर्षं जवळजवळ थांबलं. १९९६ मध्ये एका झटक्यात दोनेक सेंटिमीटर सरकून ते पुन्हा सुरू झालं. मधल्या चार-पाच वर्षांची मोजमापं घेऊन कुणी निष्कर्ष काढला असता तर तो चुकलाच असता.

आता आपल्या कोयनेकडे येऊ. कोयनेच्या बाबतीत 'ताकद निघून गेली' हे वाक्य तर आणखी लंगडं आहे. तिथे जमीन हेवर्डसारखी संथ सरकत नाही, धक्के बसतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ६.३ चा होता. भूकंपाचं मान एकनं वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. या हिशेबानं ६.३ च्या एका भूकंपाची बरोबरी करायला ४ चे सुमारे २८०० धक्के लागतील. १९६७ पासून आजवर कोयना-वारणा पट्ट्यात ४ च्या वरचे धक्के मोजून दोनशेच्या आसपास झालेत. त्यातले विसेक ५ च्या वरचे आहेत, त्यांचं वजन जास्त, हे मान्य. पण आपल्या पलंगाखाली जाणवणारे ३ आणि साडेतीनचे धक्के या हिशेबात खिजगणतीतही येत नाहीत. आणि एका जागचा ताण सुटला की शेजारच्या जागेवर तो वाढूही शकतो.

कोयनेचं कारणही वेगळं. गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर घेतला, तेव्हा सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखाली जुना कठीण ग्रॅनाइट लागला. भूकंप होतात ते त्यात. तिथले फॉल्ट फुटण्याच्या बेताला आलेले आहेत आणि धरणातल्या पाण्याच्या चढउतारानं त्यांना जरासं ढकललं तरी पुरतं. म्हणून पावसाळ्यात धरण भरलं की सप्टेंबरच्या सुमारास आणि पुन्हा हिवाळ्यात पाणी उतरू लागलं की धक्के वाढतात. १९८५ नंतर वारणेचं धरण भरू लागलं आणि काही वर्षांत हालचाल दक्षिणेकडे, म्हणजे आपल्या दिशेनं पसरली. तरी घाबरून जायचं कारण नाही. तो सगळा पट्टा २० बाय ३० किलोमीटरचा आहे, आणि कोयनानगर कोल्हापूरपासून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटरवर. २०१६ च्या भारतीय मानकात कोयना भूकंपधोक्याच्या झोन ४ मध्ये आणि कोल्हापूर त्याहून कमी धोक्याच्या झोन ३ मध्ये आहे. झोन ३ म्हणजे सूट नव्हे. खाली नुसते कॉलम उभे करून पार्किंग आणि वर चार मजले, अशा इमारती पेठापेठांत झाल्यात. मला फॉल्टपेक्षा त्यांची काळजी जास्त वाटते.

लेकीच्या घराबद्दल. दीड किलोमीटर अंतर आहे म्हणजे जमीन फाटून घर दुभंगण्याची भीती जवळपास नाही. ती भीती फॉल्टच्या अगदी लगतच्या अरुंद पट्टीपुरती असते, आणि कॅलिफोर्नियात त्या पट्टीसाठी १९७२ चा कायदा आणि त्याखाली केलेले अधिकृत नकाशे आहेत. घर त्या पट्टीत असेल तर विकणाऱ्याला तसं लेखी सांगावं लागतं. जावयांनी तो कागद मागून घ्यावा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये. हादरे मात्र बसणारच, मग घर दीड किलोमीटरवर असो की आठ. फरक पडतो तो खालच्या मातीनं. फ्रीमाँटचा खाडीकडचा भाग मऊ गाळाचा आहे. तिथे हादरा वाढतो आणि काही ठिकाणी ओली वाळू पातळ होऊन घर खचू शकतं. याचेही नकाशे आहेत. लाकडी घर जुनं असेल तर ते पायाला बोल्टनी नीट जखडलंय का, खालच्या बुटक्या भिंतींना प्लायवूड मारलंय का, विटांची चिमणी आहे का, हे इंजिनिअरकडून बघून घ्यावं. त्याचा खर्च घराच्या किमतीपुढे किरकोळ असतो. आणि घराच्या साध्या विम्यात तिकडे भूकंप धरलेला नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात नुकसानीचा पहिला मोठा वाटा आपल्याच खिशातून जातो. हा खर्च धरूनही घर परवडत असेल तर खुशाल घ्यावं. त्या भागात लाखो लोक जाणूनबुजून राहतातच.

राहिली तुमच्या कंपाउंडची भेग. बावड्याच्या काळ्या मातीत अशी भेग फॉल्टमुळे पडलेली असण्याची शक्यता मी जवळजवळ शून्य धरतो, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून बघा. भेगेच्या एका बाजूला दोन स्क्रू आणि दुसऱ्या बाजूला एक, असे त्रिकोणात घट्ट बसवा. प्लास्टरमध्ये नको, आतल्या विटेत. दर महिन्याच्या एका ठराविक तारखेला सकाळी तिन्ही अंतरं व्हर्निअरनं, म्हणजे बारीक मापाच्या सरकपट्टीनं, घ्या. उद्यमनगरात कुणाकडेही व्हर्निअर मिळेल. एकच अंतर मोजलं तर भेग रुंदावली एवढंच कळतं. तिन्ही मोजली तर ती रुंदावली की भिंतीचे दोन भाग एकमेकांना घासून पुढेमागे झाले, हे वेगळं काढता येतं. फॉल्ट सरकत असेल तर घासणं वर्षानुवर्षं एकाच दिशेनं चालू राहील, आणि तुमच्या एकट्याच्या भिंतीत नाही, त्या रेषेत येणारा रस्ता, गटार, शेजाऱ्याचा ओटा, सगळं त्याच बाजूला सरकलेलं दिसेल. डोंगरउतारावर, म्हणजे पन्हाळा किंवा गगनबावड्याकडे असली भेग दिसली तर ती दरडीची असू शकते. तिथे मोजत बसू नका, पावसाआधी तहसीलला कळवा.

तुमची भेग वैशाखात रुंदावली आणि श्रावणात मिटत आली, तर ती काळ्या मातीच्या आकसण्या-फुगण्याची. मग भिंतीच्या बुडाशी पाणी मुरतंय का ते बघा, झाडांचं आळं पायापासून लांब न्या आणि एखाद्या चांगल्या बांधकाम इंजिनिअरला बोलवा. त्या कामात माझा काही उपयोग नाही.